राखण्याचं दावं

"दाणी सर, वही आणलीत ना?"

मी जीपमधून पाय खाली ठेवायच्या आतच सरपंच हिंदुराव काटकरांनी विचारलं. मी खांद्यावरची शबनम थोपटून दाखवली. वही आत होती. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेली. याच वहीत मी 'खिंडीतला स्वार' ही कविता प्रथम लिहिली होती. ती आता शाळेच्या पुस्तकात गेली होती, आणि खडवणी गावाला तिचं मूळ हस्तलिखित शाळेच्या वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. माझ्यासारख्या साताऱ्यात मराठी शिकवणाऱ्या मास्तराला आणखी काय हवं होतं? मी प्रवासात तीनदा शबनममध्ये हात घालून वही आहे ना ते बघितलं होतं.

त्या दिवशी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण होता. दारोदार बैल धुऊन उभे होते, शिंगांना हिंगूळ लावायचं काम चाललं होतं. आणि गावाच्या चौकात, पांढऱ्या चादरीत गुंडाळून, माझ्या कवितेतला स्वार घोड्यावर बसला होता. चादर थोडी अपुरी पडली होती. घोड्याचं शेपूट बाहेर राहिलं होतं.

"सिमेंटचा आहे, पण बघत राहाल," हिंदुराव म्हणाले. "तुमच्या कवितेत जसा आहे तसाच. तलवार वर केलेली, घोडा दोन पायांवर."

"आणि वीरगळ?" मी विचारलं.

"हे काय, चौथऱ्यातच बसवलाय."

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड. माणदेशात असे पुष्कळ आहेत. सगळ्यात खालच्या चौकटीत तो माणूस कसा मेला ते कोरलेलं असतं, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात, आणि सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. खडवणीचा दगड पूर्वी गावाबाहेर, खिंडीच्या तोंडाशी, गायरानाच्या बांधावर उभा होता. आता तो चौथऱ्याच्या पुढच्या अंगाला भिंतीत चिणला होता. अप्सरा दिसत होत्या, पिंड दिसत होती. त्याखाली सिमेंट.

"खालची चौकट कुठं आहे?"

"दीड फूट खाली गेली, सर. गवंडी म्हणाला, मजबुती पाहिजे तर गाडायला लागतोय. तसंही झिजलेलंच होतं ते. काय कळत नव्हतं."

मला कळत होतं. अकरा वर्षांपूर्वी मी त्या चौकटीवर खडूची पूड चोळून तासभर बसलो होतो. तिच्यात पाच गाई होत्या आणि त्यांच्यापुढे एक माणूस उभा होता. पायी. हातात काठी. घोडा नव्हता, तलवारही नव्हती.

"चांगलं केलंत," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी का बोललो ते आजही मला सांगता येत नाही. पाहुणा म्हणून आलो होतो, हातात हार होता, एवढंच कारण असावं.

"मास्तर!"

मागे वळून बघितलं तर ठकूबाई मदने. हिरवं लुगडं, अंगानं पार वाळलेली, आणि डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलेलं नवंकोरं दावं. बरोबर तिची सून शेवंता होती. हिंदुराव मंडप बघायला म्हणून पुढे निघून गेले.

"वळखलं का?"

"ठकूमावशी, तुम्हाला नाही ओळखणार?"

"लई पांढरं झालासा की ओ!" ती हसली. "जेवलासा? का सरपंचाकडंच पोळी?"

अकरा वर्षांपूर्वी मी वीरगळ शोधत या भागात हिंडत होतो. तिशीतला कवी, पायात चपला, डोक्यात इतिहास. खडवणीत माझी एसटी चुकली, आणि रामोशांच्या वस्तीत मदन्यांच्या घरी मी दोन दिवस राहिलो. त्या दगडाला गाव 'राखण्या' म्हणायचं. त्याचा मान मदन्यांचा होता. बेंदराला घरच्या बाईनं घायपाताच्या पानांतून काढलेल्या वाखाचं दावं वळायचं, दगड दुधानं धुवायचा, दावं त्याच्या गळ्यात घालायचं आणि पहिला नारळ फोडायचा. मगच गावाची जनावरं मिरवायला निघायची. काटकरांचे बैलसुद्धा तोवर दारात थांबायचे. हे का, असं मी विचारलं तेव्हा ठकूबाईनं चुलीपुढे बसून सगळं सांगितलं होतं, आणि मी ते तिच्याच शब्दांत वहीत उतरून घेतलं होतं.

"सरपंच म्हणत्यात, आता पयला नारळ काटकरांचा," ती म्हणाली. "पुस्तकात तसं लिव्हलंय म्हणं."

"पुस्तकात नारळाचं काही नाही, मावशी."

"न्हाई कसं? शेवंता, म्हण गं."

शेवंता चौथीपर्यंत शिकलेली. तिनं माझ्याकडे न बघता, शाळेतल्या मुलीसारखं एका दमात म्हटलं:

"टापांखाली धूळ उधळली, खिंड दणाणुन गेली,
एकट्या रावाची तलवार गावासाठी न्हाली."

"बघा," ठकूबाई म्हणाली. "आमच्यात कुणाकडं घोडा व्हता? आन् आमाला राव कोण म्हणतंय? राव म्हंजी काटकर. घोडा म्हंजी काटकर. त्येंचं काय चुकलं? तुमीच तसं लिव्हलंसा."

ती रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मावशी, कवितेत तसं करावं लागतं."

"आसंल. त्यातलं मला काय कळतंय? पर माझं बोलणं वहीत लिव्हलं व्हतं न्हवं? ती वही आणलीया म्हणं."

"आणलीय."

"मग तेवढं माईकवर वाचून दावा. म्या काय भांडाय आली न्हाई, मास्तर. घोडा ऱ्हाऊंद्या. राव बी ऱ्हाऊंद्या. पर राखण्या कुणाचा, त्यो कसा मेला, त्ये एकडाव सांगा. आमी सांगिटलं तर रामोशी मानासाठी खोटं बोलत्यात म्हणत्यात. तुमी सांगिटलं तर ऐकत्याल."

"वाचतो," मी म्हणालो.

"वाचशीला न्हवं?"

"वाचतो, मावशी. शब्द देतो."

आणि मी खरंच वाचणार होतो. हे मी स्वतःला वाचवायला म्हणत नाही. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

शाळेच्या ऑफिसात चहा झाला. हेडमास्तर पेटीची काच पुसून घेत होते. म्हणाले, "सर, वही द्या, कवितेचं पान उघडून आत ठेवतो. उद्यापासून मुलं बघतील."

मी वही काढली आणि पानं उलटली. कविता चाळिसाव्या पानावर. तिच्या आधीचं पान ठकूबाईचं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, घाईच्या अक्षरात. मी हेडमास्तरांना म्हणालो, "जरा वाचून देतो," आणि खिडकीपाशी गेलो.

'त्यो आमच्यातला, गावाची गुरं राखायचा. त्याचं नाव कुणाला ठावं न्हाई, राखण्याच म्हणायची. दुस्काळ व्हता. खिंडीतनं लुटारू आलं. त्येनं सगळ्या गुरांची दावी सोडली आन् त्यास्नी डोंगरात हुसकून लावलं. लुटारूंनी त्येला धरलं. म्हणलं, गुरं कुटं हायती? बोलला न्हाई. हात तोडला. तरी बोलला न्हाई. बोलला आसता तर जगला आसता. पर गाव मेलं आसतं.'

खाली तिनं आणखी एक सांगितलं होतं तेही लिहिलेलं होतं: 'म्हणून दावं घालायचं. त्येला दावी परत करायची. त्येनं आमची सोडली व्हती.'

यावर मी आधी एका पाठकोऱ्या कागदावर एक कविता लिहिली होती, सोळा ओळींची. तीत तो पायीच होता. एका कविसंमेलनात ती म्हटली. लोकांनी शांतपणे ऐकली आणि शांतपणेच मला खाली बसवलं. गप्प राहून मरणारा माणूस कवितेत उभा करणं फार कठीण असतं, ओरडणारा सोपा. मग महिनाभरानं त्याला घोडा दिला, तलवार दिली, दारात वाट बघणारी बायको दिली. घोडा आला आणि टाळ्या आल्या. कवितेवर इतिहासाचं बंधन नसतं, असं मी तेव्हा वर्गात शिकवत असे. पोरं ते वहीत उतरून घेत. पण कविता गावात परत जाते आणि तिथल्या दगडावर जाऊन बसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खिडकीतून चौक दिसत होता. बैल येऊन थांबू लागले होते. झुली, आरशांच्या पट्ट्या, रंगवलेली शिंगं. मदन्यांची चार-पाच माणसं कडेला बसली होती.

ही वही काचेत गेली, तर कवितेच्या समोरच उघडं राहणारं हे पान कविता बघायला येणारा कोणीही वाचणार. हे मला एकदम समजलं. मग कोणी म्हणणार, दाणी सरांना खरं माहीत होतं तर. माहीत असून त्यांनी घोडा घातला.

मी पान फाडलं.

सुटं पान हातात धरून माईकवर वाचायला सोपं जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. अगदी या शब्दांत सांगितलं. घडी घालून झब्ब्याच्या खिशात ठेवलं आणि वही हेडमास्तरांच्या हातात दिली.

कार्यक्रम सुरू झाला. हिंदुरावांनी चादर ओढली. टाळ्या, तुतारी, गुलाल. पुतळा खरोखर चांगला होता, तेच वाईट होतं. मग शाळेची दोनशे मुलं रांगांनी उभी राहिली आणि त्यांनी 'खिंडीतला स्वार' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी हातवारे बसवले होते. 'टापांखाली' म्हणताना दोनशे पाय एकदम जमिनीवर आपटले. धूळ उडाली. 'तलवार' म्हणताना दोनशे हात वर. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे डोळे भरून आले होते. माझे स्वतःचे शब्द असे माझ्या अंगावर चालून आलेले मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिले नाहीत. खोटं कशाला बोलू, मला अतोनात आनंद झाला.

मग माझं नाव पुकारलं.

माईकपुढे उभा राहिलो. ठकूबाई समोरच्या बाभळीखाली उभी होती. बसायला जागा होती तरी बसली नव्हती. माझा हात खिशात गेला. पानाची घडी बोटांना लागली. घडीशेजारी रुमाल होता.

मी रुमाल काढला. तोंड पुसलं.

"खडवणीकरांनो," मी म्हणालो, "कवी इतिहास लिहीत नाही. तो इतिहासाला आवाज देतो."

टाळ्या. त्या वाक्यावर आजवर मला सगळीकडे टाळ्या मिळालेल्या आहेत. पुढे मी वीस मिनिटं बोललो. माती, खिंड, पूर्वजांचं रक्त, सगळं आलं. काटकरांचं नाव मी घेतलं नाही. ही माझी केवढी सचोटी! हिंदुराव थोडे नाराज दिसले, पण नारळ त्यांनीच फोडला. बैल निघाले, पुतळ्यापुढे थबकले आणि ताशा वाजत मिरवणूक पुढे गेली. मदन्यांची माणसं कधी उठून गेली ते मला कळलंही नाही.

ठकूबाई मात्र थांबली होती. मी जीपकडे निघालो तेव्हा शेवंताला घेऊन आली. मी आधीच बोलायला लागलो.

"मावशी, वेळच उरला नाही बघा. शाळेचा कार्यक्रम लांबला..."

"व्हय, लई येळ बोललासा," ती म्हणाली. "ग्वाड बोलतासा. मला समदं न्हाई कळलं."

"वहीत न्हाई त्ये," शेवंता एकदम म्हणाली. "मी आत जाऊन बघितलं. हेडमास्तरांनी बघू दिली. सासूबाई म्हणाल्या व्हत्या, बघ तरी कसं लिव्हलंय. कवितेच्या आदीचं पान फाटल्यालं हाय."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. खिशातलं पान मला इतकं जड वाटलं की झब्बा एका अंगाला झुकला असेल असं वाटलं.

"फाटलेलं?" मी म्हणालो. "माझ्या लक्षात नाही आलं. जुनी वही आहे, कधीतरी..."

"नुकतंच फाडल्यासारखं दिसतंय. कड पांढरी हाय."

"ए, गप," ठकूबाई तिच्यावर खेकसली. "मास्तर कशापायी फाडत्याल? उंदरानं खाल्लं आसंल. कागदच त्यो. अकरा वर्सं झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्याकडं ध्यान देऊ नगा. आजकालच्या पोरी. पान गेलं तर तुमी तरी काय वाचणार?"

मी मान हलवली.

तिनं हातावरचं दावं उलगडलं. "ह्ये घेऊन जावा."

"मी काय करू याचं?"

"तुमच्याकडं जनावर न्हाई, ठावं हाय मला. पर दगड भिताडात बसवलाय. त्येच्या गळ्यात घालायचं कुटनं? मागनं हात जात न्हाई. आन् वळल्यालं टाकवंना. तुमी वाचणार व्हतासा, न्हाई जमलं. पर मनात तर व्हतं न्हवं?"

मी ते घेतलं. वाखाचा उग्र वास अजून जात नव्हता. जीप निघाली तेव्हा हिंदुरावांनी विचारलं, "हे काय सर, बैल घेताय की काय?" आणि ड्रायव्हरसकट आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो.

नऊ वर्षांनी मी पुन्हा गेलो. एवढा उशीर का, याला कारण नाही. दर बेंदराला जायचं ठरवत होतो. मी गेलो तेव्हा ठकूबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. घर तेच, चूल तीच. शेवंताच्या केसांत पांढरं दिसत होतं. तिनं मला ओळखलं, पण नाव घेतलं नाही. पाणी दिलं.

मी घडी उलगडून पान तिच्यापुढे धरलं. माझी फार तयारी झालेली होती. काय म्हणायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं.

"मीच फाडलं होतं," एवढंच तोंडातून निघालं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "वाचा."

मी वाचलं. दाराच्या उंबऱ्यावर बसून, मोठ्यानं, दोन्ही बाजू. ज्या आवाजात मी सभा गाजवत असे तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. 'त्येला दावी परत करायची' हे आलं तेव्हा शेवंतानं पदर तोंडाशी धरला.

"अशीच बोलायची," ती म्हणाली. "एकूण एक शबुद तिचा हाय."

"हे तुम्ही ठेवा. मी वर सहीही करून देतो. ग्रामपंचायतीत दाखवा. मी स्वतः येतो, हवं तर पेपरात लिहितो."

तिनं पान हातात घेतलं नाही.

"पुस्तकातलं बी तुमीच लिव्हलं, मास्तर. ह्ये बी तुमीच लिव्हलं. लोक म्हणत्याल, ह्येंचं खरं कुठलं? तवा वाचायचं व्हतं. तवा ती हुबी व्हती."

मी उठलो. पान पुन्हा खिशात गेलं. त्याच खिशात, पण झब्बा दुसरा. बांधापर्यंत ती माझ्यामागे आली, म्हणून मला वाटलं काही निरोप असेल.

"म्या तिला सांगिटलं व्हतं," शेवंता म्हणाली. "त्याच दिशी, घरला जाता जाता. मास्तरनं सवता फाडलंय, खिशात बी आसंल, म्हणून. कड पांढरी व्हती न्हवं. दोन म्हयनं माझ्यासंगं बोलली न्हाई. मरायच्या आधी चार दीस, काय बोलणं न्हाई चालणं न्हाई, आन् एकदम मला म्हणली, 'तू मास्तरवर आळ घेतलास. त्येची माफी माग.'"

तिनं पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि माझ्यापुढे, बांधावरच, हात जोडले.

"तिला शबुद दिला व्हता म्या," ती म्हणाली. "म्हणून मागतीया."